किचनच्या जुन्या शटर्सना घरच्या घरी रंग – सनमायकावर रंग टिकतो का?

ओट्यापाशी | १७ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. डोंबिवलीला आमचा फ्लॅट आहे, किचन २००९ साली सुताराकडून करून घेतलेलं. ओट्याखाली ट्रॉल्या, वर भिंतीला कपाटं, सगळं मिळून १८ शटर आहेत. प्लाय आहे आणि वर तपकिरी लाकडी नक्षीचा सनमायका. तेव्हा आवडला होता पण आता खिडकीसमोर नवीन इमारत झाली आणि उजेडच गेला, दुपारी सुद्धा ट्यूब लावून पोळ्या कराव्या लागतात आणि त्या तपकिरी रंगाने स्वैपाकघर अजून काळोखं वाटतं.

एका सुताराला विचारलं, तो म्हणाला सगळी शटर नवीन करू, ६५ हजार. एवढे आत्ता नाही जमणार, मुलाची बारावी आहे. मग वाटलं रंग का देऊ नये? तर बिल्डिंगमधले पेंटरकाका म्हणाले सनमायकावर रंग बसतच नाही ताई, महिन्यात पापुद्रे निघतील. आणि व्हिडिओ बघितले तर त्यात लोक एका दिवसात रोलर फिरवून मोकळे होतात. दोन्हीतलं खरं काय? कोणी स्वतःच्या हाताने केलंय का, आणि करून वर्षभर तरी झालंय का? मला फिकट रंग हवाय, पांढरट किंवा एकदम फिका हिरवा. वेळ आहे, अंगमेहनतीची तयारी आहे. घरात सासूबाई आहेत, त्यांना दम्याचा थोडा त्रास आहे त्यामुळे वास फार नको.


कुंचला | १७ जानेवारी, रात्री ११:०५

ताई, तुमचे पेंटरकाका चुकीचं सांगत नाहीयेत, अर्धं सांगतायत. सनमायकावर नेहमीचा वुड प्रायमर आणि त्यावर ऑइल पेंट मारला तर तो खरंच पापुद्र्यासारखा निघतो. माझे वडील कोल्हापुरात ३० वर्षं रंगकाम करत होते, मी सुट्टीत त्यांच्या हाताखाली असायचो, आणि त्यांचं पहिलं काम म्हणजे रंगाचा डबा उघडणं नव्हे तर पृष्ठभागाला नख लावून बघणं. कशावर रंग द्यायचाय हे कळल्याशिवाय कोणता रंग हा प्रश्नच विचारू नये.

म्हणून आधी सांगा, सनमायका सगळीकडे घट्ट चिकटलेला आहे का? कुठे कोपरा उचललाय का, बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का? सिंकखालच्या शटरची खालची कड फुगलीय का? आणि कडेला काय आहे, सागाची पट्टी की प्लास्टिकचं एज बँड?


सुतारपक्षी | १८ जानेवारी, सकाळी ८:३०

कुंचला यांनी जे विचारलं तेच मी विचारणार होतो, मी पुण्यात इंटिरियरची कामं करतो. त्यात एक भर. शटर काढून उलटं करा आणि बिजागरीच्या स्क्रूपाशी बघा. लाकडाचे पातळ थर एकावर एक दिसले तर प्लाय. भुश्याचे दाणे दिसले तर पार्टिकल बोर्ड. एकसारखं, पुठ्ठ्यासारखं गुळगुळीत दिसलं तर एमडीएफ. पार्टिकल बोर्ड एकदा पाणी पिऊन फुगला की तो परत बसत नाही, त्यावर कितीही रंग द्या, फुगार तसाच दिसणार. ते शटर बदला आणि पैसे त्याच्यावरच घाला, बाकीची रंगवा. १८ पैकी २ बदलली तर ६५ हजार लागत नाहीत.

आणि वाळवी. सिंकखाली आतल्या बाजूला मातीच्या रेघा दिसतात का बघा, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. आत गेला तर रंगाचा विचार बाजूला ठेवून आधी पेस्ट कंट्रोल.


ओट्यापाशी | १८ जानेवारी, दुपारी ३:४०

सगळं तपासलं. प्लायच आहे, थर स्पष्ट दिसतायत. वाळवी नाही, देवाची कृपा. सनमायका १७ शटर्सवर घट्ट आहे. सिंकखालच्या एकाची खालची कड फुगलीय आणि थर सुटलेत, ते बदलूया असं ह्यांचंही म्हणणं पडलं. कडेला सगळीकडे सागाची बारीक पट्टी आहे पॉलिश केलेली, गॅसजवळची काळपट झालीय. आतल्या बाजूने पांढरा सनमायका आहे तो चांगला आहे, तो रंगवायची गरज नाही ना?


कुंचला | १८ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

अजिबात नाही, आतलं तसंच ठेवा. काम निम्म्याने कमी झालं.


प्रयोगशाळा | १८ जानेवारी, रात्री ९:५०

मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे रंग का बसत नाही हे सांगते, ते कळलं की बाकीच्या पायऱ्या आपोआप पटतात. सनमायका म्हणजे कागदच आहे. तपकिरी जाड कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवतात, सगळ्यात वर नक्षीचा कागद मेलामाइन रेझिनमध्ये भिजवलेला, आणि हे सगळं उष्णता आणि दाब देऊन एकजीव करतात. वरचा मेलामाइनचा थर इतका कडक आणि बंद असतो की त्याला छिद्रंच नाहीत. लाकूड प्रायमर पितं, भिंत पिते, हा काहीच पीत नाही. म्हणजे रंगाला धरायला दोनच गोष्टी उरतात, एक म्हणजे आपण घासून पाडलेले बारीक ओरखडे आणि दुसरं म्हणजे अशा गुळगुळीत पृष्ठभागालाच चिकटायला बनवलेला प्रायमर. त्या दोन्हीच्या मध्ये तेलाचा पातळ थर राहिला की संपलं.

आणि आपल्या स्वैपाकघरात तो थर असतोच. रोजची फोडणी, तळण. तेलाची वाफ वरच्या कपाटांवर बसते, त्यात धूळ मिसळते आणि महिनोन् महिने हवा लागून ते तेल जवळजवळ वार्निशसारखं घट्ट होतं. नुसत्या ओल्या फडक्याने ते निघत नाही.

जाता जाता, आपण ज्याला मायका म्हणतो त्याचा अभ्रकाशी संबंध नावापुरताच आहे. १९१२ मध्ये अमेरिकेत दोन इंजिनियरांनी विजेच्या उपकरणांत इन्सुलेशनसाठी अभ्रकाऐवजी वापरता येईल असा हा पदार्थ काढला, 'फॉर मायका' म्हणून फॉर्मायका. किचनमध्ये तो खूप नंतर आला.


कुंचला | १९ जानेवारी, सकाळी ७:२०

प्रयोगशाळा ताईंनी फार छान सांगितलं. आता पद्धत लिहितो, लांबलचक होईल पण एकदाच लिहितो.

शटर काढायची. जागेवर ठेवून रंगवू नका, ओघळ येतात आणि कडा नीट होत नाहीत. प्रत्येक शटरच्या आतल्या बाजूला मास्किंग टेप लावून नंबर टाका आणि तोच नंबर कपाटाच्या आत टाका, कारण सुताराने हाताने केलेल्या कामात दोन शटर सारखी दिसली तरी दोन-तीन मिलीमीटरचा फरक असतो आणि मग बसवताना डोकं फिरतं. बिजागऱ्या आणि स्क्रू त्या त्या नंबरच्या पिशवीत. हँडल काढा. हँडल बदलायची असतील तर दोन भोकांमधलं अंतर मोजूनच दुकानात जा नाहीतर जुनी भोकं बुजवत बसावं लागेल.

मग धुणं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा, खायचा नव्हे, आणि भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, हातात ग्लव्हज. हिरव्या घासणीने हलक्या हाताने. गॅसवरच्या कपाटांना दोनदा. मग साध्या पाण्याने फडका बदलत बदलत दोनदा पुसायचं, सोडा राहिला तरी प्रायमर धरत नाही. फर्निचर चमकवायचा स्प्रे वगैरे मारत असाल तर आत्तापासून बंद, त्यात सिलिकॉन असेल तर रंग तिथून पळतो आणि बारीक गोल खड्डे पडतात.

पूर्ण वाळलं की घासणं. १८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, चमक पूर्ण जाईपर्यंत. पूर्ण म्हणजे पूर्ण, उजेडात तिरकं धरून बघायचं, कुठेही चकाकी दिसली तर तिथे रंग सुटणार. नक्षीचा कागद खरवडून तपकिरी कागद दिसेपर्यंत मात्र जायचं नाही. मग २२० ने एक हलका हात. धूळ कोरड्या ब्रशने काढून ओलसर मऊ फडक्याने टिपायची.

कोपऱ्यात टवके असतील तर भिंतीची पुट्टी भरू नका, ती पांढऱ्या सिमेंटची असते, शटर आपटलं की निघून पडते. गाड्यांच्या डेंटिंगवाल्याकडे हार्डनर घालायची पुट्टी मिळते ती भरा, ती लवकर घट्ट होते म्हणून थोडी थोडीच कालवा.

सागाच्या पट्टीवर थेट पांढरा रंग दिलात तर काही दिवसांनी पिवळे-तपकिरी डाग वर येतात, सागाचा स्वतःचा तेलकट रंग असतो तो झिरपतो. तिथे चपडा लाखेचा एक पातळ हात द्या, स्पिरिटमध्ये विरघळवलेला, हार्डवेअरवाल्याकडे मिळतो. वडील गाठींवर सुद्धा तोच द्यायचे.

मग प्रायमर. डब्यावर लॅमिनेट, टाइल्स, धातू यावर चालेल असं लिहिलेलाच घ्या, नेहमीचा वुड प्रायमर नको. ४ इंची फोमचा रोलर, कडांना छोटा ब्रश. एक पातळ हात, रात्रभर वाळू दे, ३२० पेपरने नुसता कुरवाळल्यासारखा घासा, पुसा, दुसरा पातळ हात. मग रंगाचे दोन किंवा तीन हात, प्रत्येक हाताच्या मध्ये तेच कुरवाळणं.

आणि कृपा करून आधी एकच शटर करून बघा. आठवड्याने ब्लेडने बारीक चौकड्या पाडायच्या, टेप घट्ट दाबायची आणि झटक्यात ओढायची. टेपबरोबर रंगाचे चौकोन आले तर पुढचं काम थांबवायचं.


मडगावकर | १९ जानेवारी, सकाळी ११:००

सगळं बरोबर पण रंग कोणता ते राहिलं. मी म्हणेन ऑइल पेंटच, म्हणजे एनॅमल. माझ्या घरात किचनची दारं २० वर्षं ऑइल पेंटची आहेत, पाण्याने खसाखसा पुसतो, काही होत नाही. हे पाण्यातले रंग आमच्याकडच्या दमट हवेत वाळतच नाहीत नीट.


प्रयोगशाळा | १९ जानेवारी, रात्री ८:४५

मडगावकर, तुमचा अनुभव खरा आहे, कडकपणात एनॅमल चांगलाच. पण ताईंना फिकट पांढरा हवाय आणि उजेड कमी आहे, नेमकं तिथेच एनॅमल फसतो. त्यातलं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होतं आणि तीच क्रिया पुढे चालू राहून पांढरा रंग पिवळा पडतो. उजेड मिळाला तर पिवळेपणा बराचसा उडतो, अंधारात वाढतो. कपाटाच्या आतली पांढरी बाजू बाहेरच्यापेक्षा जास्त पिवळी झालेली तुम्ही नक्की बघितली असेल. घरात दमा असताना टर्पेंटाइनचा वास आठवडाभर हाही मुद्दा आहेच. म्हणून पाण्यातला एनॅमल किंवा पाण्यातला पीयू (पॉलीयुरेथेन), सॅटिन म्हणजे हलक्या चमकेच्या फिनिशमध्ये. अगदी मॅट नको, मॅटवर हळदीचा हात लागला की पुसूनही डाग राहतो.

मात्र दमट हवेबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. पाणी उडून जाऊन रंगाचे कण एकमेकांना चिकटतात तेव्हा त्याची फिल्म बनते, हवेतच पाणी भरलेलं असेल तर ते रेंगाळतं. म्हणून हे काम पावसाळ्यात नाहीच. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.


मडगावकर | १९ जानेवारी, रात्री ९:३०

आतली बाजू पिवळी, हो हो, अगदी तसंच झालंय आमच्याकडे, मी समजत होतो धुरामुळे. पटलं. माझ्या दारांचा रंग मुळात चॉकलेटी आहे म्हणून बाहेरून कधी जाणवलं नाही.


जुना_वाडा | २१ जानेवारी, सकाळी ९:१०

विषय थोडा वेगळा पण इथेच विचारते. आमच्याकडे वाईला स्वैपाकघरात भिंतीतलं सागवानी कपाट आहे, सासऱ्यांच्या वडिलांनी करून घेतलेलं. त्यावर कधीतरी हिरवा ऑइल पेंट दिलाय, एकावर एक बरेच थर आहेत, आता टवके उडतायत. मुलगी म्हणते पांढरं करूया. घरात दीड वर्षाची नात आहे. खरवडून काढावा का?


कुंचला | २१ जानेवारी, दुपारी १:२५

ताई, थांबा, कोरडं घासायला घेऊ नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, हिरव्या-पिवळ्या छटांमध्ये तर जास्तच. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको हा नियम २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांचा काही भरवसा नाही. कोरड्या घासण्याने ती धूळ घरभर होते, जमिनीवर बसते, आणि रांगणारं मूल तोच हात तोंडात घालतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. माझे वडील आयुष्यभर तोंडाला रुमाल बांधून घासायचे, तेव्हा कोणी सांगितलंच नाही, ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

करायचंच असेल तर नातीला त्या दिवसांत दुसरीकडे पाठवा. पाणी मारून वॉटर पेपरने ओलं घासा, खाली प्लास्टिक अंथरा, एन-९५ मास्क लावा, नुसता रुमाल नको. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने टिपून ते फडके आणि प्लास्टिक गुंडाळून टाकून द्यायचे. ब्लो लॅम्पने किंवा हीट गनने रंग जाळून काढायची पद्धत आहे ती तर मुळीच नको, धुरातून शिसं थेट छातीत जातं.


सुतारपक्षी | २१ जानेवारी, रात्री १०:००

आणि जुना_वाडा ताई, एक मनापासून विनंती. खालचा साग चांगला निघाला तर पांढरा करू नका हो. तशा जुन्या, घट्ट रेषांच्या सागाचं कपाट आज करायला गेलात तर काय किंमत पडेल हे लाकडाच्या वखारीत जाऊन विचारा. रंग काढून झाल्यावर फ्रेंच पॉलिश करा किंवा जवसाच्या तेलाचे दोन हात. सनमायका रंगवा, प्लाय रंगवा, सागाला दिसू द्या.

जवसाचं तेल वापरलंत तर ते फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, उघडे पसरून दोरीवर वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. तेल हवेत वाळताना गरम होतं आणि बोळ्यात ती उष्णता कोंडून फडका आपोआप पेट घेतो. माझ्या एका साइटवर पोत्यातून धूर आला होता, दुपारी जेवायला गेलो होतो तेवढ्यात.


जुना_वाडा | २२ जानेवारी, सकाळी ८:००

मुलीला वाचून दाखवलं. तिने पांढऱ्याचा हट्ट सोडला, नात आणि ती आठ दिवस पुण्याला जातायत तेव्हा करून घेऊ. फार आभार.


दूरदेशी | २३ जानेवारी, रात्री १:१५

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे आमच्या घरातली कॅबिनेट ओक लाकडाची होती, सनमायका नाही, पण मागच्या वर्षी मीच रंगवली म्हणून दोन गोष्टी सांगते. एक, ओकच्या रेषा खोल असतात, मी त्या भरल्या नाहीत आणि आता पांढऱ्या रंगातून सगळ्या रेषा दिसतात, साग किंवा इतर रेषावालं लाकूड असेल त्यांनी आधी फिलर ओढून घ्या. दुसरं, वाळणं आणि घट्ट होणं यात खूप फरक आहे. मी दुसऱ्या दिवशीच दारं बसवली आणि बंद केली, चार दिवसांनी उघडायला गेले तर दार फ्रेमला चिकटलेलं, ओढल्यावर कोपऱ्याचा रंगच उपटून आला. हाताला कोरडं लागलं तरी आतून पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे जातात. बसवल्यावर कोपऱ्यांत त्या पारदर्शक रबराच्या टिकल्या लावा आणि पहिले काही दिवस दारं किलकिली ठेवा.

आणि शिशाचं वाचलं, इथे १९७८ मध्ये घरगुती रंगात शिशावर बंदी आली, त्याआधीचं घर घेताना तसं लेखी सांगावं लागतं. आपल्याकडचा नियम २०१७ चा हे वाचून धक्काच बसला. आईकडच्या जुन्या खिडक्यांचं बघायला हवं.


ओट्यापाशी | ४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३०

एक शटर करून बघितलं. गॅसवरचंच घेतलं, सगळ्यात वाईट तेच म्हणून. १८० ने घासलं, मग सोड्याच्या पाण्याने धुतलं, वाळवलं, प्रायमर दोन हात, रंग दोन हात. दिसायला इतकं सुंदर झालं की सासूबाई पण येऊन हात फिरवून गेल्या. आज आठ दिवसांनी कुंचला यांनी सांगितलेली टेप लावली आणि अर्ध्याहून जास्त चौकोन टेपबरोबर आले. खाली तोच तपकिरी सनमायका. रडूच आलं मला. म्हणजे पेंटरकाकाच बरोबर होते का?


कुंचला | ४ फेब्रुवारी, रात्री ७:५०

ताई, निराश होऊ नका, कारण तुमच्याच पोस्टमध्ये आहे. तुम्ही आधी घासलं आणि मग धुतलं. चिकट्यावर पेपर चालवला की ते तेल निघत नाही, आपण पाडलेल्या ओरखड्यांत दाबून भरलं जातं, आणि मग वरून धुतलं तरी आतलं तिथेच. पेपर सारखा भरून, चिकट होऊन बंद पडत होता का?


ओट्यापाशी | ४ फेब्रुवारी, रात्री ८:०५

हो!! तीन पेपर फुकट गेले एका शटरला. मला वाटलं पेपर हलका मिळालाय.


कुंचला | ४ फेब्रुवारी, रात्री ८:२०

तेच. स्वच्छ सनमायकावर पेपरमधून कोरडी पांढरट पूड उडते, चिकट काजळी नाही. तेच शटर परत घ्या. सुटलेला रंग पत्र्याने खरवडा, सोड्याने दोनदा धुवा, साध्या पाण्याने पुसा, आणि मग पांढऱ्या फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन एक कोपरा पुसून बघा. फडका पिवळा झाला तर अजून धुवा. पांढरा राहिला की मगच घासायला घ्या. स्पिरिट वापरताना खिडकी उघडी आणि गॅस रेग्युलेटरपासून बंद.


आजीचा_डबा | ५ फेब्रुवारी, सकाळी ६:४५

मुलींनो, मी गप्प वाचत होते, पण गॅसचं निघालं म्हणून लिहिते. देव्हारा किचनमध्ये असेल तर त्या दिवशी समई-निरांजन पण लावू नका, उदबत्ती सुद्धा नाही. स्पिरिटची, थिनरची वाफ जड असते, खाली जमिनीलगत पसरते, दिसत नाही. आमच्या शेजारी पॉलिशच्या वेळी असाच भडका उडाला होता, पडदा जळला, माणसं वाचली. देवाला त्या दिवशी बाहेरच्या खोलीत पाटावर बसवलं तर देव रागवत नाही.


ओट्यापाशी | ५ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

आजी, आमचा देव्हारा ओट्याच्या शेजारीच आहे आणि मागच्या वेळी समई चालू होती, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बरं झालं सांगितलंत. देव आता बाहेर मुलाच्या टेबलावर.


ओट्यापाशी | १६ फेब्रुवारी, रात्री ९:००

टेप लावली. एकही चौकोन आला नाही. कडेला केसाएवढी बारीक कपची निघाली फक्त. ह्यांनी दुसऱ्यांदा स्वतः टेप ओढून बघितली. उद्यापासून बाकीची शटर्स.


ओट्यापाशी | २३ मार्च, दुपारी ४:१०

झालं एकदाचं. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी हिशोब लिहिते.

एकूण दिवस पाच आठवडे, कारण मी सकाळी डबे झाल्यावर दोन तास आणि रविवारी ह्यांच्या मदतीने पूर्ण दिवस असं केलं, एका वेळी चारच शटर काढली म्हणजे किचन चालू राहिलं. त्यातला धुण्या-घासण्यातच सगळा वेळ गेला, रोलर फिरवायचं काम मोजून चार रविवार. रंग सव्वा लिटर लागला फक्त बाहेरची बाजू आणि कडा, दोन हात, वरच्या कपाटांना तिसरा. प्रायमर साधारण एक लिटर. पॉलिश पेपरच सगळ्यात जास्त लागले, ३० च्या वर. सिंकखालचं शटर मरीन प्लायचं नवीन करून घेतलं, प्लायवर आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघूनच घेतलं आणि खालची कड लावायच्या आधी प्रायमरने तीनदा बंद केली. नवीन शटर आणि हँडल धरून सगळं मिळून साडेनऊ हजार.

रोलरबद्दल एक. पहिल्या चार शटर्सना संत्र्याच्या सालीसारखे बारीक दाणे दिसतात, कारण मी रोलर रंगाने थबथबून भरत होते आणि सुकायला लागलेल्या रंगावर परत परत फिरवत होते. नंतर कमी रंग घेऊन, वरपासून खालपर्यंत एकाच दिशेने शेवटचा हात फिरवून सोडून द्यायला लागले तेव्हा गुळगुळीत आलं. ती चार मी खाली कोपऱ्यात लावलीत.

रंग फिका पिस्त्यासारखा घेतला. दुपारी पोळ्या करताना आता ट्यूब लावत नाही. पेंटरकाकांना बोलावून दाखवलं, त्यांनी नखाने कोपरा खरवडून बघितला आणि प्रायमर कोणता विचारून डब्याचा फोटो काढून घेतला.


दूरदेशी | २३ मार्च, रात्री ११:५५

अगं किती छान! टिकल्या लावल्यास ना?


ओट्यापाशी | २४ मार्च, सकाळी ७:३०

लावल्या, प्रत्येक शटरला दोन. तीन आठवडे रात्री सगळी कपाटं किलकिली ठेवली, पहाटे पाणी प्यायला उठलं की डोक्याला लागायची पण एकही चिकटलं नाही.


सुतारपक्षी | १० ऑगस्ट, सकाळी १०:२०

धागा वर काढतो. ताई, अर्धा पावसाळा गेला, आता खरं सांगा, कसं आहे?


ओट्यापाशी | १० ऑगस्ट, रात्री ९:४०

खरं सांगते. वरची कपाटं जशीच्या तशी आहेत. गॅसशेजारच्या शटरवर हळदीचा एक हात उमटला होता, साबणाने फिका झाला पण गेला नाही. प्रयोगशाळा ताईंना विचारलं तर म्हणाल्या हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून ते शटर काढून पाऊस थांबला त्या दोन दिवसांत गॅलरीत उन्हात ठेवलं आणि खरंच दिसेनासा झाला. सिंकपाशी दोन ठिकाणी कडेला टवका उडालाय, ओल्या हाताने आणि अंगठीने तिथेच ओढतो आपण. आणि चमच्यांची ट्रॉली, ती दिवसातून पन्नास वेळा उघडते, तिचा वरचा कोपरा झिजून प्रायमर दिसायला लागलाय. पापुद्रा मात्र कुठेच नाही.

उरलेला रंग लोणच्याच्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरून, वर तारीख आणि शेड नंबर लिहून ठेवला होता. तीन ठिकाणं २२० ने घासून, पुसून, बारीक ब्रशने काल दोन हात दिले. चमच्यांची ट्रॉली आज पण उघडीच ठेवलीय, सासूबाईंनी तिच्यापुढे स्टूल आडवं लावलंय म्हणजे कोणी विसरून ढकलू नये.